अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फिजिओथेरपी: काचेच्या पेटीपासून पहिल्या पावलापर्यंत

माझा मुलगा ३० आठवड्यांनी झाला. वजन १,२४० ग्रॅम. ४१ दिवसांनी आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा हातात जाडजूड फाईल होती आणि शेवटच्या पानावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती: 'हाय रिस्क फॉलोअप, फिजिओ'. त्या ओळीचा अर्थ कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, यापलीकडे तेव्हा काही सुचतच नव्हतं. फिजिओथेरपी म्हणजे गुडघेदुखीवरचा शेक, एवढीच माझी समजूत होती. आम्ही फिजिओथेरपिस्टकडे पोचलो तेव्हा तो सहा महिन्यांचा झाला होता. मुठी कायम घट्ट, आणि पालथं ठेवलं की मान न उचलता नुसता रडायचा. मधले महिने हातचे गेले होते. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

१. आधी बाळाचं सुधारित वय काढा

डॉक्टर याला 'करेक्टेड एज' म्हणतात. बाळ जितके आठवडे लवकर आलं, तितके त्याच्या वयातून वजा करायचे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवड्यांच्या आत झालेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं.

आमचंच उदाहरण घ्या. मुलगा १० जूनला झाला, डॉक्टरांनी दिलेली तारीख १९ ऑगस्ट होती. म्हणजे दहा आठवडे आधी. १० डिसेंबरला जन्मतारखेप्रमाणे तो सहा महिन्यांचा, पण सुधारित वयाने चार महिनेही पूर्ण नव्हते. शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाशी त्याची तुलना करून मी कितीतरी रात्री रडले, आणि ती तुलनाच चुकीची होती. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, रांगणं, चालणं हे सगळं दोन वर्षांचा होईपर्यंत सुधारित वयावरच मोजायचं.

लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या असतात. 'अजून लहान आहे' म्हणून त्या पुढे ढकलू नका.

जाता जाता एक सांगते. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल. त्यात तथ्य नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

२. डिस्चार्जच्या आधी फाईल पूर्ण करून घ्या

फिजिओथेरपिस्ट पहिल्याच भेटीत ही कागदपत्रं मागतात. नसतील तर वॉर्डमधून मागून घ्या, नंतर मिळवताना फार हेलपाटे पडतात.

- डिस्चार्ज समरी. त्यात किती आठवड्यांनी जन्म, जन्मवजन, व्हेंटिलेटर किंवा सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) किती दिवस, झटके आले होते का, कावीळ किती वाढली होती, हे सगळं हवं.
- डोक्याच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट. टाळू उघडी असल्याने तिथून मेंदू पाहता येतो. रक्तस्राव किंवा मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा आहे का, हे त्यात कळतं.
- डोळ्यांची आरओपी तपासणी. आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार.
- कानांची तपासणी. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी) तपासणी झाली आहे का, ते मुद्दाम विचारा.
- वजन आणि डोक्याच्या घेराची नोंद, लसीकरणाचं कार्ड.

यातल्या डोळ्यांबद्दल दोन शब्द जास्त. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची आरओपी तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आजार वाढलेला निघाला तर उपचाराला दोन-तीन दिवसच हाताशी असतात. एकदा तपासून 'ठीक आहे' म्हटलं तरी पुढची तारीख चुकवू नका. बाळ मान उचलतं ते काहीतरी पाहण्यासाठी, हात पुढे करतं तेही काहीतरी दिसलं म्हणून. डोळ्यांचं राहिलं की हालचालींचंही मागे पडतं.

३. बाळ पेटीत असतानाच सुरुवात होते

फिजिओथेरपी म्हणजे हातपाय हलवून करायचा व्यायाम, असं वाटतं. एनआयसीयूत ती तशी नसते, आणि इतक्या लहान जिवाला ती तशी करूही नये. तिथे महत्त्वाची असते ती बाळाला ठेवायची पद्धत.

पोटातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जागा दाटीची असते. गुडघे पोटाशी, हात तोंडाशी, पाठ गोल, असं मुटकुळं करून बाळ राहतं. पाय ताणला की गर्भाशयाची भिंत लागते आणि पाय परत आत येतो. या रेटारेटीतूनच स्नायूंना ताण आणि बळ येतं. तिसाव्या आठवड्याला बाहेर आलेल्या बाळाची ही सगळी तालीम बुडते. ते सपाट गादीवर उताणं पडतं, स्नायू सैल असतात, आणि हात खांद्यापासून मागे तर पाय बेडकासारखे फाकून गादीला टेकतात. आठवडेच्या आठवडे असं गेलं की खांदे मागे ओढलेलेच राहतात, हात तोंडापर्यंत पोचत नाहीत, पाठ कमानीसारखी मागे जायला लागते. नंतर पालथं पडायला, बसायला जो त्रास होतो, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

म्हणून परिचारिका कापडाची गुंडाळी करून बाळाभोवती घरट्यासारखी कड करतात. तशी नसेल तर नम्रपणे विचारा. पण ध्यानात ठेवा, हे घरटं आणि पालथं झोपवणं फक्त मॉनिटर लावलेल्या वॉर्डात. घरी झोपवताना बाळ उताणंच हवं, गादी सपाट आणि घट्ट, आजूबाजूला उशी, लोड, गुंडाळी काही नको.

दुसरी गोष्ट कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीवर अंगाला अंग लावून धरणं. इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीप्रमाणे ती जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्यावी. ऊब आणि दूध यांसाठी ती चांगली, हे सगळे सांगतात. मला फिजिओथेरपिस्टने दाखवलं ते वेगळंच: छातीवर बाळ आपोआप त्या मुटकुळ्यात येतं, हात मधोमध तोंडाजवळ असतात आणि तुमच्या आवाजाकडे वळायला ते किंचित मान उचलतं. बाळाला पालथं राहायची पहिली सवय लागते ती इथेच. बाबांनीही द्यावी, आजीनेही. घरी आल्यावरही बाळ स्वतःहून धडपड करून बाहेर यायला लागेपर्यंत चालू ठेवा.

४. कुठे जायचं ते ठरवा

आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसलेली सोय म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली आणि ही केंद्रं त्याच कार्यक्रमाचा भाग आहेत. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान-वाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, डोळे तपासणारे हे सगळे एकाच ठिकाणी असावेत, अशी त्यांची रचना आहे आणि सेवा मोफत आहे. 'सिव्हिलला जायचं?' म्हणून आमच्या घरात नाकं मुरडली गेली होती. मला तिथेच सगळ्यात नीट समजावून सांगणारी माणसं भेटली. एखादं पद रिकामं असू शकतं, म्हणून आधी चौकशी करून जा. आशाताईंना सांगितलंत तर त्या बहुधा दिवस आणि खोलीसुद्धा सांगतात.

सोबत न्या: वर सांगितलेली फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, जन्मदाखला, आईचं आधार कार्ड, आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

जिल्ह्यात सोय नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा फिजिओथेरपी विभाग बघा. मुंबईत हाजी अलीजवळ ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. खाजगीत जात असाल तर एकच प्रश्न विचारा: 'एक वर्षाखालच्या बाळांसोबत तुम्ही नेहमी काम करता का?' मोठ्यांच्या पाठदुखीत निष्णात असलेल्या माणसाच्या हाती दोन किलोचं बाळ देऊ नये. बाळाला आत नेऊन तुम्हाला बाहेर बसवणारं, किंवा एकदम मोठ्या पॅकेजचे पैसे आधी मागणारं ठिकाण मी टाळेन.

'एवढं कशाला, होईल की आपोआप' असं म्हणणाऱ्यांना मी पुण्याचं सांगते. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. अशा बाळांकडे इतकी वर्षं लक्ष ठेवावं लागतं, हे आपल्याच मातीत माणसांनी कधीचं ओळखलं आहे.

५. पहिल्या भेटीची तयारी

बाळ झोपेतून उठलेलं, थोडं दूध प्यालेलं आणि शांत असेल अशी वेळ मागा. भुकेलं बाळ ताठ होतं आणि तपासणी चुकते.

तिथे ते मांड्या, गुडघे, घोटे किती उघडतात याचे कोन बघतील, हात छातीवरून पलीकडे किती जातो ते बघतील. हॅमरस्मिथ नावाची मज्जासंस्थेची तपासणी दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत करतात; तिचे एकूण गुण ७८. एका आकड्याने घाबरू नका, तो दर भेटीला कसा बदलतो ते महत्त्वाचं.

तुम्ही करायची एक गोष्ट म्हणजे व्हिडिओ. सुधारित वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बाळ जागं आणि खुशीत असताना मान, खांदे, मनगटं, कंबर यांची सतत बारीक चुळबुळ करत असतं. ही चुळबुळ आहे की नाही, यावरून प्रशिक्षित माणसाला पुढचं बरंच सांगता येतं. बाळाला लंगोट घालून उताणं ठेवा, खेळणं नको, बोलणं नको, टोपी-मोजे काढा, आणि वरून सगळं अंग दिसेल असा तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. रडताना घेतलेला उपयोगाचा नाही.

६. घरचं काम

आठवड्यातून अर्धा तास थेरपिस्ट बाळाला हात लावतात. उरलेला सगळा वेळ बाळ तुमच्या हातात असतं. म्हणून मी 'व्यायामाची वेळ' ठरवणं सोडून दिलं आणि उचलणं, ठेवणं, दूध पाजणं, लंगोट बदलणं हेच नीट करायला शिकले.

*सामान:* एक जाड गोधडी किंवा सतरंजी, टॉवेलची गुंडाळी, हलका खुळखुळा, न फुटणारा आरसा, आणि काळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्या काढलेला पुठ्ठा. चकचकीत स्टीलची वाटी आमच्याकडे सगळ्या खेळण्यांपेक्षा जास्त चालली. बाकी काही विकत घेऊ नका.

*उचलताना* बगलेत धरून सरळ वर घेऊ नका. आधी कुशीवर वळवा, मग खांद्याखाली आणि कुल्ल्याखाली हात घालून उचला. ठेवतानाही कुशीवरूनच. प्रत्येक वेळी बाळाला वळायचा सराव मिळतो.

*दूध पाजताना* दोन्ही हात पुढे, छातीजवळ आहेत ना ते बघा. मान आणि पाठ एका रेषेत.

*लंगोट बदलताना* दोन्ही पाय धरून वर टांगण्यापेक्षा कुल्ला एका बाजूला वळवून कापड सरकवा.

*जागं असताना कुशीवर.* पाठीला तुमचा हात, समोर वाटी. दोन्ही हात एकमेकांना सापडतात. दोन्ही कुशी आलटून पालटून. झोपवतानाही डोक्याची बाजू रोज बदला, म्हणजे डोकं एका बाजूने चपटं होत नाही.

*पालथं.* जागेपणी, तुम्ही समोर असताना, दुधानंतर निदान अर्ध्या-पाऊण तासाने. सुरुवातीला एक-दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. आधी तुमच्या छातीवर तुम्ही रेलून बसून, मग मांडीवर आडवं, मग गोधडीवर छातीखाली टॉवेलची गुंडाळी आणि कोपरं खांद्यांच्या पुढे घेऊन.

बाळाचं 'बास' ओळखायला शिका. उचकी, शिंका, पुन्हापुन्हा जांभया, बोटं फाकवणं, नजर वळवणं, रंग बदलणं, ही अपुऱ्या दिवसांच्या बाळाची थकल्याची भाषा आहे. तिथे थांबा. पाच मिनिटं रडत केलेल्यापेक्षा एक मिनिट खुशीत केलेलं कामाचं.

आमच्याकडे खरी थेरपिस्ट ठरल्या त्या सासूबाई. मी पलंगावर, मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ बघत बसायचे. त्या जमिनीवर मांडी घालून पालेभाजी निवडायच्या आणि तो समोर पालथा. मेथीच्या जुडीकडे बघत त्याने पहिल्यांदा मान नव्वद अंशांत उचलली.

पुढे साधारण असं: सुधारित तीन ते सहा महिन्यांत हात मधोमध आणणं, स्वतःचे पाय पकडणं, कुशीवरून पालथं पडणं. सहा ते नऊमध्ये हात टेकवून बसणं. इथे उशा लावून तासन् तास बसवू नका, त्यापेक्षा पालथं असताना खेळणं बाजूला सरकवा, म्हणजे ते पोटावर गोल फिरायला शिकतं. नऊनंतर दिवाणाच्या कडेला धरून उभं राहणं, कडेकडेने चालणं, खाली वाकून वस्तू उचलणं, आणि तेही अनवाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराविना बसली ती सुमारे ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटी चालली ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. पट्टा किती रुंद आहे बघा, आणि तुमच्या बाळासाठी तोही सुधारित वयाने वाचायचा.

७. घरोघरी होणाऱ्या चुका

*मालीश.* हलक्या हाताची मालीश चांगलीच, बाळाला स्पर्श कळतो आणि आईलाही धीर येतो. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. हातपाय ओढून विरुद्ध कोपऱ्याला लावणं, पाय धरून उलटं करणं, छाती-डोकं दाबून 'आकार देणं', नाका-कानात तेल घालणं, हे आमच्या मालीशवाल्या मावशींना मी प्रेमाने पण स्पष्टपणे बंद करायला सांगितलं. त्यांना एकदा केंद्रात सोबत नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवल्यावर त्यांचंही समाधान झालं.

*धुरी.* ओवा, वावडिंग, काहीही असो, धूर तो धूरच. ज्या फुप्फुसांनी आठवडे ऑक्सिजनवर काढले, त्यांना तो देऊ नका.

*पाय सरळ करून घट्ट बांधणं.* खुब्याचा सांधा त्याने निसटू शकतो. दुपट्यात गुंडाळलं तरी मांड्या दुमडलेल्या आणि मोकळ्या हव्यात. कडेवर घ्यायची आपली पद्धत मात्र खुब्यांसाठी उत्तम, मान धरली की बिनधास्त.

*दिवसभर झोळी.* हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, आणि हालचालीला वावच राहत नाही.

*वॉकर.* चाकांचा गोल वॉकर घेऊच नका. कॅनडात तो २००४ पासून बंद आहे. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत सुटतं, जमिनीवरचा सराव बुडतो, आणि पायऱ्यांवरून पडण्याचे अपघात होतात. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा: तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. स्वतः धरून उभं राहून पावलं टाकायला लागल्यावर तो जरूर द्या, चाकं थोडी जड करून आणि तुम्ही मागे राहून.

*'बघा, आत्तापासून उभा राहतोय!'* पाच महिन्यांचं बाळ मांडीवर धरलं की ताठ पायांनी चवड्यांवर उभं राहतं आणि घरात आनंदीआनंद होतो. हे बळ नाही, तो ताठरपणा असू शकतो. उभं धरणं थांबवा आणि पुढच्या भेटीत सांगा.

८. तारखेची वाट न बघता कधी जायचं

सगळी वयं सुधारित:

- चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट, अंगठा तळहातात दडलेला
- पाच महिन्यांतही मान धरत नाही
- एक हात किंवा एक पाय कमी हलतो. वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं पकडतं
- पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, किंवा बाळ वारंवार कमानीसारखं मागे जातं
- अंग लोळागोळा, उचलल्यावर हातातून निसटतंय असं वाटतं
- नऊ महिन्यांत आधाराविना बसत नाही, अठरा महिन्यांत चालत नाही
- येत असलेली गोष्ट येईनाशी झाली
- अंगाला एकाएकी झटके बसतात; यात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे

यातलं एखादं दिसलं म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) आहे, असं नाही. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांमध्ये पहिल्या वर्षात ताठरपणा येतो आणि निघूनही जातो. कुठला जाणार आणि कुठला राहणार, हे पुन्हापुन्हा तपासल्यावरच कळतं. आणि निदान झालंच, तर आता ते सुधारित सहा महिन्यांच्या आसपासही करता येतं. दोन वर्षं थांबायचं कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र निघतं आणि निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांना मदत मिळते. अर्ज कसा करायचा ते डीईआयसीतच विचारा.

फिजिओथेरपीने मेंदूची इजा पुसली जात नाही, हेही सांगायला हवं. आजवरच्या संशोधनात अशा लवकरच्या मदतीचा फायदा बुद्धीच्या वाढीत जास्त स्पष्ट दिसला आहे, हालचालींत थोडा. तरीही माझ्या मुलाच्या मुठी उघडताना मी पाहिल्या आहेत, आणि त्याला पालथं ठेवायची माझी भीती गेलेलीही.

९. भेटींचं वेळापत्रक

आम्हाला पहिले तीन महिने दर आठवड्याला बोलावलं, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. एवढं जमलं नाही तरी सुधारित ४, ८, १२, १८ आणि २४ महिन्यांची तपासणी सोडू नका. फाईलच्या आतल्या बाजूला या तारखा सुधारित वयाने मोजून आजच लिहून ठेवा. दर भेटीला डोक्याचा घेर मोजून घ्या, आणि लोह व ड जीवनसत्त्वाचे थेंब किती दिवस चालू ठेवायचे तेही विचारा. आणि तुमची झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल, तर तेही त्याच टेबलावर सांगा. तिथल्या मानसतज्ज्ञ तुमच्यासाठीही आहेत.

दोन वर्षांच्या भेटीत चालण्याइतकंच बोलणं, खेळणं, समजणं तपासतात, म्हणून आदल्या दिवशी बाळ काय काय शब्द बोलतं त्याची यादी करून न्या. आमची ती भेट एका ऑगस्टात झाली. सुधारित पंधराव्या महिन्यात चालू लागलेला मुलगा तिथल्या तीन लाकडी पायऱ्या कठडा धरून चढला, वर बसला आणि खाली यायला तयार होईना. ताईंनी तसंच लिहिलं: 'चढतो. उतरताना आधार लागतो. सहा महिन्यांनी पुन्हा.'